फळीच्या टोकावरचा माणूस

नागपूरच्या इतवारीत खुर्ची मिळायला खात्यावर निदान दोन पिढ्यांची उधारी लागते. बाकीच्यांची सोय फळीवर. किराणा ओळीतल्या ठोक दुकानांसमोर अशी एखादी फळी असतेच. कोणे एके काळी ती माळ्याची फळी असावी. आता ती इतक्या बुडांनी घासली गेली आहे की रंधा मारणाऱ्या सुताराने तिला नमस्कार करावा. मी जिच्याबद्दल सांगतो आहे ती नऊ फूट लांब. एका टोकाखाली विटांची थप्पी. दुसरा आधार मात्र दुसऱ्या टोकाखाली नाही, तीन फूट अलीकडे आहे, कारण तिथे एक जुना घडीव दगड आहे आणि तो दगड आजवर कुणालाही हललेला नाही. त्यामुळे दगडाच्या पुढे फळी तीन फूट हवेत.

फळीवर कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं. विटा आणि दगड यांच्या मधोमध शेटजी, कारण गल्ला तिथून दिसतो. विटांकडे कुणी बसत नाही, कारण तिथे मांजर बसतं. आणि हवेतल्या टोकावर दलाल. दलालाला टोकच लागतं. तिथून शेटजींचा चेहरा दिसतो आणि रस्त्याने दुसऱ्या दुकानाकडे चाललेलं गिऱ्हाईकही दिसतं.

भाचीच्या लग्नाचा किराणा घ्यायला मी आणि भाचा तिथे उभे होतो. तूरडाळीच्या भावावर बोलणी चालली होती, दलालसाहेबांच्या हातात तर्री-पोह्यांची प्लेट होती, आणि शेटजींचा मोबाईल आत गल्ल्यावर वाजला. शेटजी उठले. शंभर किलोचा माणूस उठला की इतवारीत चारचौघे वाट करून देतात. फळीनेही करून दिली. विटांकडचं टोक सलामी द्यावी तसं वर आलं, मांजर आधीच गेलं होतं, दलालसाहेब बसल्या बैठकीतच रस्त्यावर पोचले आणि तर्री त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या शर्टावर पोचली. एरवी नागपुरात तर्रीचा डाग कुणी डागात धरत नाही. पण शर्ट पांढरा होता आणि त्याची घडी त्याच दिवशी मोडलेली होती.

इतवारीची रीत अशी की माणूस पडला तर आधी फळी सरळ करतात. ती झाली. मग चौकशी बसली. दलालसाहेबांचं म्हणणं, फळी सडकी. शेटजी फोन कानाला तसाच धरून म्हणाले, ‘‘सडी कैसे? मैं बीस साल से बैठ रहा हूँ.’’ शेजारच्या मसाल्याच्या दुकानातून निकाल आला की विटा बरोबर लावल्या नव्हत्या. एकाने दलालसाहेबांच्या वजनाचा विषय काढला, तर ते म्हणाले, ‘‘मी साठ किलोचा माणूस. शंभर किलोनं जी फळी पडत नाही ते साठ किलोनं काऊन पडन?’’

प्रश्न बिनतोड होता आणि सगळे गप्प बसले. माझा भाचा तेवढा बसला नाही. तो सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या वर्षाचा मेकॅनिक्सचा पेपर त्याचा दुसऱ्या वर्षी सुटला, त्यामुळे त्या विषयात तो इतरांपेक्षा जास्त मुरलेला आहे. त्याने डाळीच्या बिलाच्या पाठीवर एक आडवी रेघ मारली, खाली एक त्रिकोण आणि एक गोळा काढला, वर बाण काढले, आणि इतवारीत गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारला नसेल असा प्रश्न विचारला: ‘‘मोमेंट कोणत्या बिंदूभोवती घ्यायचं?’’

‘‘दगडाभोवती घे,’’ शेटजी म्हणाले. त्यांना फोनवरच्या माणसापेक्षा यात रस वाटू लागला होता.

हे उत्तर शेटजींनी अंदाजाने दिलं, पण तेच बरोबर. वजन गुणिले बिंदूपासूनचं अंतर म्हणजे मोमेंट. ते कुठल्याही बिंदूभोवती घेतलं तरी उत्तर बदलत नाही, मात्र बिंदू हुशारीने निवडला तर हिशेब अर्धा होतो. दगड फळीला किती जोराने वर रेटतो हे आपल्याला आत्ता जाणून घ्यायचं नाही ना? मग दगडापाशीच बसायचं. दगडाचं स्वतःपासूनचं अंतर शून्य, त्यामुळे त्याचं नावच हिशेबातून गळतं. ज्याच्याबद्दल बोलायचं नाही त्याच्या शेजारी बसून बाकीच्यांबद्दल बोलायचं, ही पद्धत इतवारीला शिकवावी लागली नाही.

आता आकडे. सोयीचे धरू. शेटजी १०० किलो, दगडापासून विटांच्या बाजूला ३ फुटांवर: मोमेंट ३००. फळी स्वतः २० किलोची. तिचं वजन तिच्या मध्यावर धरायचं, तो मध्य दगडापासून दीड फुटावर, त्याच बाजूला: ३०. झाले ३३०. उलट बाजूला दलालसाहेब, ६० किलो गुणिले ३ फूट: १८०. उरले १५०. ही उरलेली फिरवाफिरव थोपवायचं काम विटांचं. विटा दगडापासून ६ फुटांवर, म्हणजे १५० भागिले ६, विटांवर भार २५ किलो. एकूण वजन १८० किलो. त्यातले २५ विटांवर, म्हणून १५५ दगडावर. शेटजी, दलाल आणि फळी यांचा सगळा डोलारा जवळजवळ दगडानेच उचललेला होता आणि विटा नुसत्या नावाला होत्या. तरी दुकानात येणारा प्रत्येक जण विटांनाच नीट लावून जायचा.

शेटजी उठले. ३०० गेले. एकीकडे फळीचे ३०, दुसरीकडे दलालसाहेबांचे १८०. आता समतोल राखायचा तर विटांकडे वजा २५ किलो हवेत. म्हणजे विटांनी फळीला खालून रेटायचं नाही, वरून धरून खाली ओढायचं. भाच्याने इथे पेन थांबवलं आणि विटांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. वीट रेटू शकते, ओढू शकत नाही. पुस्तकातल्या आधाराला बिजागरी असते, तो दोन्ही करतो. इतवारीतला आधार उसना आणलेला असतो.

‘‘म्हणजे मी कुठं बसाले पायजे होतं?’’ दलालसाहेबांनी शर्ट झटकत विचारलं.

भाच्याने ३० भागिले ६० केलं. ‘‘शेटजी नसताना? दगडाच्या पुढे अर्धा फूट. त्याच्यापुढे सरकले की पडले.’’

अर्ध्या फुटात दलाल मावत नाही. ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही.

या सगळ्या वेळात दोन हमाल दगडाच्या बरोबर वर, फळीवरच, पाय सोडून बसले होते. फळी उडाली तेव्हाही ते जागेवरच होते. त्यांच्याखाली फळी फिरली, ते फिरले नाहीत. आता गणितात त्यांना का धरलं नाही असं म्हणाल तर त्यांचं अंतर शून्य, त्यामुळे मोमेंट शून्य. ते दोघं मिळून सगळा भार देतात तो सरळ दगडाला. हे मुद्दाम करता का, असं भाच्याने विचारलं. ‘‘फळीवर बसाचं तं दगड पाहून बसाचं,’’ त्यातला एक म्हणाला. ‘‘बाकीची फळी शेटजीच्या भरवशावर हाय.’’

हमालांना कुणी मेकॅनिक्स शिकवावं असं मला कधी वाटलेलं नाही. पूर्वी इथे क्विंटलभराचं पोतं एका पाठीवर जायचं. १९६७ साली जिनिव्हाला जगभरच्या कामगार-परिषदेत शिफारस झाली की प्रौढ पुरुषाच्या पाठीवर ५५ किलोंपेक्षा जास्त वजन येऊ देऊ नये, आणि १९६९ साली आपल्याकडे माथाडी कायदा झाला. कागदावरचं हे वजन बाजारापर्यंत पोचायला आणखी वर्षं गेली, कारण कागद हलका असला तरी त्याला अंतर फार होतं. आता ५० किलोंचे कट्टे येतात. कट्टा पाठीवर आला की हमाल पुढे झुकतो, तो किती झुकतो ते पाहा: कट्टा आणि तो स्वतः मिळून जे वजन होतं त्याची उभी रेघ बरोबर त्याच्या पावलांमधून जाईल इतकाच. कट्टा खाली असेल तर जास्त, मानेजवळ असेल तर कमी. आमच्यासारखा माणूस लग्नाची पाच किलोंची पिशवी एका हातात धरून उलटीकडे इतका कलतो की समोरून येणारा वाट देतो.

लोहा ओळीत हाच विषय जरा वरच्या इयत्तेत चालतो. तिथे हातठेल्यावर वीस फुटी पाइप चढवतात. ठेल्याला दोन आडवे दांडे, पाइप त्यांवर, आणि दोन्ही बाजूंनी पाइप बाहेर. मागच्या टोकाला लाल फडकं, जे मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला नेमकं डोळ्यात जाईपर्यंत दिसत नाही. दोन दांडे अगदी टोकांखाली ठेवले तर पाइप मध्ये झोकतो. दोन्ही मधोमध आणले तर टोकं लोंबतात. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी आहे की आधारावर पाइपला जेवढा वाक पडू पाहतो तेवढाच मध्यावर उलट बाजूने पडू पाहतो, आणि कुठेच फार पडत नाही. समान वजनाच्या दांड्यासाठी ही जागा टोकापासून लांबीच्या ०.२०७ पटीवर येते. वीस फुटांना चार फूट आणि वर पावणेदोन इंच. मी एका ठेलेवाल्याचं अंतर पावलांनी मोजलं. चार फुटांच्या आसपास भरलं. कुणी सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘सांगन कोण? टोक रस्त्याले लागलं का समजते.’’

फ्रान्समध्ये हीच गोष्ट समजायला आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली. पॅरिसजवळ सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमची एक पट्टी जपून ठेवलेली आहे. १९६० सालापर्यंत जगातला मीटर म्हणजे त्या पट्टीवरच्या दोन रेघांमधलं अंतर. पण पट्टी नुसती टेबलावर आडवी टाकली तरी स्वतःच्या वजनाने किंचित वाकते आणि रेघा हलतात. म्हणून १९२७ साली मीटरच्या व्याख्येतच घालून टाकलं की पट्टी दोन रुळांवर ठेवायची आणि ते रूळ एकमेकांपासून ५७१ मिलिमीटरवर असावेत. जगाच्या लांबीची व्याख्या शेवटी आधार कुठे द्यायचा यावर येऊन टेकली. इतवारीच्या कापड बाजारात लोखंडी मीटर दुकानदाराच्या हातातच असतो, दोन आधार त्याच्या दोन मुठी, आणि मापताना कापड जितकं ताणलं जातं त्यापुढे पट्टीचा वाक अगदीच किरकोळ.

सराफा ओळीत आता इलेक्ट्रॉनिक काटे आले. काचेच्या पेटीतला तराजू मी लहानपणी पाहिला आहे; पंखा बंद केल्याशिवाय तोळा तोलला जात नसे आणि उन्हाळ्यात सोनं घ्यायला गेलेली माणसं घामाने डबडबून, श्वास धरून बसत. तराजू म्हणजे एका आधारावरची तुळईच. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगून ठेवलं की दोन वजनं तेव्हाच तोलतात जेव्हा त्यांची अंतरं त्यांच्या उलट प्रमाणात असतात. जगभरच्या किराणा दुकानदारांनी यातून आपापल्या परीने बोध घेतला. दांडीचा एक हात जरा लांब ठेवला की झालं.

पण इथेही गणित दुकानदाराला सोडत नाही. समजा दांडीचा एक हात दुसऱ्याच्या १.२ पट आहे. एका पारड्यात माल घातला तर किलोच्या नावावर ८३३ ग्रॅम जातो, दुसऱ्यात घातला तर १२०० ग्रॅम. संशयी गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘दोन किलो द्या, एक किलो या पारड्यात, एक त्या पारड्यात.’’ दुकानदाराला वाटतं फिटंफाट. बेरीज करा: २०३३ ग्रॅम. ३३ ग्रॅम दुकानदाराच्या खिशातून. हात कितीही कमीजास्त असोत, या पद्धतीने दुकानदार नेहमी बुडतो, कधीच जिंकत नाही. आणि खरं वजन हवं असेल तर दोन्ही पारड्यांत तोलून आलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. हे मी एका भाजीवालीला समजावून सांगितलं. तिने एक कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. विषय संपवायचा तिचा दर तोच असावा.

मूर्तिकारांच्या चितार ओळीवर थांबलो तर लेख गणपतीपर्यंत जाईल, म्हणून इतकंच: मूर्तीचा आशीर्वादाचा हात हा भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईसारखाच एका बाजूने धरलेला असतो, आणि ओल्या मातीचा हात सुकलेल्यापेक्षा जड असतो. म्हणून मूर्तिकार खांद्यापासून आधार घेतो आणि भक्त मात्र मोदक तळहातावर ठेवतो, म्हणजे खांद्यापासून जास्तीत जास्त दूर.

एका बाजूने धरलेल्या तुळईचं खरं प्रदर्शन इतवारीत वर्षातून एकदा भरतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं सांगतात; जागनाथ बुधवारीकडून पिवळी येते आणि नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते. सोबत बडगे नावाचे पुतळे, त्यांत त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल तो. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून सगळे वर जातात. इतवारीच्या जुन्या घरांना सागवानी कडीपाटाच्या गॅलऱ्या आहेत, भिंतीतून तीन फूट बाहेर आलेल्या आणि खाली खांब नसलेल्या. वर्षभर त्यांवर दोन कुंड्या, एक मोडका कूलर आणि वाळत घातलेली चादर इतकंच असतं. मारबतीच्या दिवशी तिथे कामठी, भंडारा, उमरेड आणि वर्धा इथून आलेले पाहुणे असतात.

दहा पाहुणे धरा, सरासरी साठ किलो. सहाशे किलो. ते सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले तर भिंतीपाशी मोमेंट जवळजवळ नाहीच. पण मारबत दिसत नाही! ती दिसायला कठड्यापर्यंत यावं लागतं. कठडा तीन फुटांवर: ६०० गुणिले ३, मोमेंट १८००. मग मारबत जवळ आली की पोरं कठड्यावर पोट टेकून आणखी फूटभर पुढे वाकतात आणि आया त्यांच्या मागे त्यांना धरायला येतात. त्या पडू नयेत म्हणून त्यांचे भाऊ.

मग गॅलरी पडत का नाही? कडीचा जेवढा भाग बाहेर आहे त्याहून जास्त भिंतीच्या आत, खोलीखाली गेलेला असतो, आणि त्याच्यावर वरच्या मजल्याची भिंत बसलेली असते. बाहेरचे पाहुणे कडीला खाली दाबतात, आतली भिंत दुसऱ्या टोकाला धरून ठेवते. विटांनी दलालसाहेबांसाठी जे केलं नाही ते इथे भिंत करते, कारण ती कडीच्या वर आहे. ज्या घरांनी गळतं म्हणून वरचा मजला उतरवला आणि टिनाचं शेड टाकलं, तिथल्या गॅलरीत मी तरी मारबत पाहायला जात नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात आतल्या खोलीत, बरोबर कड्यांच्या मागच्या टोकावर, धान्याची कोठी आहे आणि कोठीला टेकून आजी बसलेली असते. दरवर्षी कुणीतरी सून गॅलरीतून ओरडते, ‘‘या ना आजी, पहा ना, किती मस्त हाय!’’ आजी हलत नाही. सगळ्यांना वाटतं तिला हौस नाही.

भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचं प्रसिद्ध चित्र आहे ते गॅलिलिओच्या १६३८ सालच्या पुस्तकात. तो तेव्हा फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता आणि पुस्तक दूर हॉलंडमध्ये लायडनला छापावं लागलं. चित्रात एक पडकी भिंत, तिच्यातून आलेलं लाकूड, टोकाला लटकवलेलं वजन. भिंतीवर झुडपंसुद्धा उगवलेली. इतवारीतली कुठलीही जुनी गल्ली वाटावी. गॅलिलिओने तुळई कधी मोडेल याचा हिशेब मांडला आणि तिची ताकद खऱ्याच्या तिप्पट धरली. हिशेब पुरता जागेवर यायला १८२६ साल उजाडलं, नाव्हिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरच्या पुस्तकापर्यंत. मधल्या १८८ वर्षांत युरोपात लोक गॅलऱ्यांवर उभे राहतच होते.

सेंट्रल अव्हेन्यूवरून आता मेट्रो जाते. ११ डिसेंबर २०२२ पासून दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळ असे थांबे घेत ती इतवारीला वरच्या वर बगल देते. खांबांवर जे सिमेंटचे गर्डर ठेवलेले दिसतात, ते अशा पुलांवर सरळ खांबावर बसवत नाहीत, मध्ये बेअरिंग असतं. कारण नागपूर. इथे डिसेंबरातल्या पहाटे पारा आठ-दहावर आणि मे महिन्यात पंचेचाळिसावर. ३० मीटरचा गर्डर धरला तर पस्तीस अंशांच्या फरकाने त्याची लांबी साडेबारा मिलिमीटर बदलते. दोन्ही टोकं घट्ट धरली तर गर्डर खांबांनाच रेटायला लागेल. म्हणून एक टोक जागेवर धरायचं आणि दुसरं सरकू द्यायचं. पुस्तकात पहिल्याला बिजागरी आधार म्हणतात, दुसऱ्याला रूळ. भाच्याने बिलामागे त्रिकोण आणि गोळा काढला होता तो हाच. इतवारीतल्या दोन मुलांच्या घरातही हीच रचना आहे: थोरला दुकानावर, जागचा हलत नाही, धाकटा हिंजवडीला, दिवाळीला इकडे सरकतो, मेमध्ये तिकडे. भार दोघंही उचलतात. जिथे दोघांनाही दुकानावर बसवलं, तिथे कोर्टाची पायरी लागते.

अशाच एका घरी किराणा उतरवायला आम्ही त्या दिवशी गेलो. दोन भावांचा वाडा; भाचा दोघांनाही काका म्हणतो. वाटणी कागदावर झाली आहे, जमिनीवर चुन्याची एक रेघ आहे, आणि छताखालचं सोळा फुटी सागवानी मयाल मात्र वाटणीपूर्वीचं असल्यामुळे रेघेला न जुमानता या खोलीतून त्या खोलीत जातं. त्याचं एक टोक थोरल्याच्या खांबावर, एक धाकट्याच्या. मागच्या पावसाळ्यात घरच्या जावयाला मयाल मध्ये झोकल्यासारखं वाटलं. जावई कर्तबगार. त्याने त्याच दुपारी लोहा ओळीतून लोखंडी पाइप आणला, खाली सिमेंट ओतलं आणि मयालाच्या बरोबर मध्यावर टेकू ठोकला. दोन आधार होते, तीन झाले, घर आणखी मजबूत झालं. सगळ्यांनी जावयाचं कौतुक केलं आणि त्याला त्या वर्षी धोंड्याला चांदीची वाटी जास्त मिळाली.

भाचा मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने टॉर्च मागितला. थोरल्याच्या खांबाला बुडाशी वाळवी लागली होती आणि तो दोन बोटं खाली बसला होता. मयाल आणि खांब यांच्यामध्ये उजेड दिसत होता. आणि टेकूच्या बरोबर डोक्यावर, मयालाच्या वरच्या अंगाला, केसाएवढी चीर.

गॅलिलिओच्या त्याच पुस्तकात ही गोष्ट आहे, म्हणून मला अंगावर काटा आला. एक मोठा संगमरवरी खांब आडवा करून दोन टोकांखाली लाकडं देऊन ठेवला होता. एका कारागिराला वाटलं, मध्ये मोडेल, म्हणून त्याने मध्ये तिसरा आधार दिला. काही महिन्यांत खांब मोडला, तोही नेमका त्या तिसऱ्या आधारावर. टोकाखालचं एक लाकूड कुजून खाली बसलं होतं, मधलं नवं होतं ते बसलं नाही, आणि अर्धा खांब हवेत राहिला. दोनच आधार असते आणि एक खाली बसला असता, तर खांब त्याच्याबरोबर नुसता कलला असता.

भाच्याने हे सगळं दोन्ही काकांना समजावलं. आता मयालाचं सगळं वजन टेकूवर आहे. थोरल्या काकांचा खांब खाली गेला म्हणून त्याच्यावर भार नाही. धाकट्या काकांचा खांब पक्का आहे, पण मयाल दोन्ही बाजूंनी टेकूवरच तोललं गेल्यामुळे त्याच्यावरही जवळजवळ नाही. तो नुसता उभा आहे.

‘‘पाय,’’ थोरले काका म्हणाले, ‘‘मी म्हणत नव्हतो? याचा खांब काहीच करत नाही.’’

‘‘तुया तं पोचत पण नाही,’’ धाकटे काका म्हणाले.

भाच्याने पुन्हा सांगितलं की एक तर खांबाचं बूड दुरुस्त करून मयाल नीट बसवा, नाहीतर टेकू काढा. थोरल्या काकांचं म्हणणं, खांब माझा असला तरी भार दोघांचा, खर्च मी एकट्यानं काऊन करू? धाकट्या काकांचं म्हणणं, टेकू बरोबर रेघेवर आहे. त्याला हात लावला तर रेघ मान्य केल्यासारखं होतं, आणि रेघेवरच तर दावा आहे. जावई फोनवर होता. तो म्हणाला, टेकू काढायचा असेल तर आधी मला विचारा.

‘‘पण काका, चीर वाढून राहिली,’’ भाचा म्हणाला.

‘‘दिवाळीनंतरची तारीख हाय,’’ थोरले काका म्हणाले. ‘‘तोवर त्या मयालाले दम धराले सांग.’’